शंकराजी नारायण सचिव

शंकराजी नारायण सचिव (मृत्यू: इ.स. १७०७, आंबवडे) हे छत्रपती राजाराम महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या काळातील मराठी राज्याचे एक प्रमुख मुत्सद्दी आणि भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळपुरुष होते. त्यांचे मूळ आडनाव गांडेकर होते. कारकुनी पेशातून पुढे येऊन त्यांनी मोगलांच्या ताब्यात गेलेले राजगड, तोरणा, रोहिडा यांसारखे किल्ले परत मिळवले, मावळातील देशमुख-वतनदारांना पुन्हा मराठी राज्याकडे वळवले आणि अष्टप्रधानांपैकी सचिवपद मिळवले. त्यांना मिळालेल्या जहागिरीतून पुढे भोर संस्थान उदयास आले. आजच्या पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांचा बहुतेक प्रदेश त्या संस्थानात होता आणि इ.स. १९४८ पर्यंत तो त्यांच्या वंशजांच्या ताब्यात राहिला.

जमिनीवरील हक्क हा शंकराजींच्या कारकिर्दीचा कणा होता. खजिना रिकामा असताना जमीन देण्याच्या वचनावर माणसे जोडणे, ओसाड पडलेल्या मुलखाचा वसूल पुन्हा उभा करणे आणि केलेल्या चाकरीच्या बदल्यात स्वतःच्या घराण्यासाठी कायमचा मुलूख मिळवणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात एकत्र आढळतात. ताराबाई आणि शाहू महाराज यांच्यातील वारसाहक्काच्या वादात मात्र हाच मुलूख त्यांच्यासाठी पेच ठरला आणि त्यातच त्यांच्या आयुष्याची अखेर झाली.

नाव आणि घराणे

शंकराजी हे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण होते. नारायण हे त्यांच्या वडिलांचे नाव. समकालीन कागदपत्रांत सुरुवातीच्या काळात त्यांचा उल्लेख शंकराजी नारायण राजाज्ञा असा, तर सचिवपद मिळाल्यानंतर शंकराजी पंडित सचिव असा येतो. पंतसचिव हे नाव पुढे घराण्यालाच चिकटले आणि गांडेकर हे आडनाव मागे पडले.

त्याच काळात शंकराजी मल्हार नावाचे दुसरे एक मुत्सद्दी होते. जिंजी येथे राजाराम महाराजांच्या प्रधानमंडळात आधी सचिवपद त्यांच्याकडे होते. पुढे ते काशीला जाऊन राहिले आणि नंतर सय्यद हुसेन अली याच्याबरोबर दक्षिणेत परतले. नाव आणि पद सारखे असल्यामुळे या दोन शंकराजींची गल्लत होते. भोरच्या जहागिरीशी संबंध आहे तो शंकराजी नारायण यांचा.

पार्श्वभूमी: मावळातील वतने

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात. आजच्या भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ आणि कानद खोरे ही मावळे येतात. प्रत्येक मावळाचे देशमुखीचे वतन एखाद्या मराठा घराण्याकडे होते. हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे व उत्रोळीचे खोपडे, गुंजण मावळात शिळीमकर आणि कानद खोऱ्यात मरळ ही घराणी प्रमुख होती. देशमुख आपल्या खोऱ्यातील गावांचा सारा गोळा करी, बंदोबस्त ठेवी आणि गरज पडल्यास माणसे घेऊन लढाईला जाई. या कामाच्या मोबदल्यात वसुलाचा ठराविक हिस्सा, काही इनाम जमीन आणि मानपान त्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळत असे. गावपातळीवर हेच काम पाटील आणि कुलकर्णी करीत.

वतन आणि सरंजाम यांत मोठा फरक होता. वतन वंशपरंपरागत असे. त्याचे वाटे होत, ते गहाण पडे, क्वचित विकलेही जाई. त्यावरून भाऊबंदांत आणि शेजारच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. जेधे व बांदल यांच्यातील तंटा मावळात प्रसिद्ध होता. सरंजाम हा मात्र फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला मुलूख असे आणि चाकरी संपली की तो सरकारात जमा होणे अपेक्षित असे. छत्रपती शिवाजी महाराजांनी शक्यतो रोख वेतन द्यावे, वंशपरंपरेने मुलूख तोडून देऊ नये, असे धोरण ठेवले होते. वतनदारांचे हक्क त्यांनी पूर्णपणे काढून घेतले नाहीत, पण त्यांच्यावर सरकारी अंमलदारांची देखरेख बसवली. शंकराजी नारायण यांच्या काळात हे धोरण टिकवणे अशक्य झाले.

सुरुवातीची कारकीर्द

शंकराजींच्या कामाची सुरुवात कारकून म्हणून झाली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या हाताखाली त्यांनी जमाखर्च, वसुली आणि पत्रव्यवहार यांत हुशारी दाखवली. त्या काळी दप्तरात काम करणाऱ्या कारकुनाला कोणत्या गावाचा वसूल किती, त्यात वतनदारांचा हक्क किती आणि कोणत्या वतनाबद्दल वाद आहे याची माहिती रोजच्या कामातून होत असे. पुढील धामधुमीत ही माहिती तलवारीइतकीच उपयोगी पडली.

मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची औरंगजेबाच्या आज्ञेने हत्या झाली. राजाराम महाराज रायगडावरून निघाले आणि बराच काळ प्रवास करून कर्नाटकात जिंजीच्या किल्ल्यावर पोहोचले. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला आणि संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई व पुत्र शाहू कैद झाले. राजगड, तोरणा यांसह मावळातील किल्लेही शत्रूकडे गेले. अनेक देशमुखांनी आपले वतन राखण्यासाठी मोगलांची चाकरी पत्करली.

महाराष्ट्रातील कारभार राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे सोपवला आणि त्यांना हुकूमतपन्हा हा किताब दिला. रामचंद्रपंतांचे दोन प्रमुख साहाय्यक म्हणजे शंकराजी नारायण आणि किन्हईचे कुलकर्णी परशुराम त्रिंबक. वाई प्रांत आणि त्याच्या उत्तरेकडील मावळपट्टा यांची जबाबदारी शंकराजींकडे आली, तर परशुराम त्रिंबक यांनी पन्हाळ्याच्या बाजूला काम केले. तिघेही मूळचे लेखणीचे धनी होते. प्रसंगामुळे त्यांना फौजा उभारून लढाया कराव्या लागल्या. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव हे सेनानी मोकळ्या मैदानात मोगलांशी झुंजत असताना किल्ले, रसद आणि वसूल यांची व्यवस्था या कारभाऱ्यांनी सांभाळली. शंकराजींना राजाज्ञा आणि मदारुलमहाम हे किताब मिळाले.

किल्ल्यांची पुनर्प्राप्ती

इ.स. १६९० मध्ये प्रतापगड, रोहिडा, राजगड आणि तोरणा हे चार किल्ले मराठ्यांनी परत घेतले. या मोहिमांत शंकराजींचा मोठा वाटा होता. राजगड आणि तोरणा हे आजच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, तर रोहिडा हा भोर तालुक्यात आहे. रायगडाच्या आधी राजगड ही स्वराज्याची राजधानी होती, त्यामुळे त्याच्या पुनर्प्राप्तीला लष्करी महत्त्वाइतकेच भावनिक महत्त्वही होते.

मावळात किल्ला आणि जमीन यांचे नाते घट्ट होते. किल्ला ज्याच्या हाती, त्याच्याकडे पायथ्याच्या गावांचा वसूल येई. गडावरील शिबंदीचे पोट पायथ्याच्या भातखाचरांवर अवलंबून असे आणि लुटारूंपासून त्या खाचरांचे रक्षण गडावरील शिबंदी करी. राजगडाच्या खाली गुंजवणी नदीचे खोरे, तोरण्याच्या खाली कानंदीचे खोरे आणि रोहिड्याच्या खाली नीरेकाठचा मुलूख आहे. हे तीन किल्ले हाती आल्यावर नीरा नदीपासून पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचा सलग पट्टा शंकराजींच्या देखरेखीखाली आला. पुढच्या जहागिरीचा गाभा हाच होता.

वतन आणि इनामांचे धोरण

किल्ले घेतल्यावर ते टिकवण्यासाठी स्थानिक देशमुखांची साथ आवश्यक होती. औरंगजेब देशमुखांना वतनाच्या सनदा आणि मनसबी देऊन आपल्याकडे ओढत होता. मराठी राज्याकडे रोख पैसा नव्हता. त्यामुळे जुनी वतने चालवण्याची हमी, नव्या इनामांचे वचन आणि फौज घेऊन येणाऱ्याला मुलूख नेमून देणे हे उपाय रामचंद्रपंत आणि शंकराजी यांना करावे लागले. शत्रूला सामील झालेल्यांचे वतन जप्त करण्याची ताकीदही याबरोबर असे.

जेधे घराण्याच्या कागदपत्रांतून ही परिस्थिती स्पष्ट होते. कान्होजी जेधे यांच्या पश्चात घराण्यात सर्जेराव जेधे प्रमुख होते. संभाजी महाराजांच्या काळात ते काही दिवस मोगलांकडे गेले होते. मार्च १६९० मध्ये राजाराम महाराजांनी जिंजीहून बाजी सर्जेराव जेधे यांना पत्र पाठवून राज्याच्या कामी जमाव घेऊन सामील होण्यास सांगितले. मावळातील इतर देशमुखांशीही याच स्वरूपाचा व्यवहार चालला. एकाच वतनावर दोन भाऊ हक्क सांगत असत, त्यातला एक मोगलांकडे आणि दुसरा मराठ्यांकडे असे. अशा वेळी वतनाचा निवाडा हा राजकीय निर्णय ठरे.

न जिंकलेला मुलूखही वचन म्हणून दिला जाई. जून १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि दिल्ली जिंकण्याच्या टप्प्यांवर सरंजाम देण्याचे मान्य केले. त्या वेळी स्वतः छत्रपती जिंजीत होते आणि महाराष्ट्रात मोगल बादशहाची छावणी होती. पुढे जे मिळेल त्यातील वाट्याच्या भरवशावर सरदारांनी स्वतःच्या खर्चाने घोडी आणि माणसे जमवली. रिकाम्या खजिन्यावर दीर्घ युद्ध चालवणे यामुळेच शक्य झाले.

युद्धामुळे उजाड झालेल्या गावांचा प्रश्न वेगळा होता. रयत गाव सोडून गेली की जमिनीचे मोल शून्य होई. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे परत येणाऱ्या कुळांना कौल दिला जाई. कौल म्हणजे सरकारने दिलेली अभयाची व सवलतीची लेखी हमी. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी अगदी कमी सारा घेऊन तो वर्षागणिक वाढवत पूर्ण दरावर आणला जाई. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. गाव वसवण्याची जबाबदारी पाटील आणि देशमुख यांच्यावर असे आणि त्यासाठीही त्यांना इनाम मिळे. शंकराजींच्या अखत्यारीतील मुलूख वर्षानुवर्षे लढाईच्या वाटेवर असल्यामुळे तेथे वसूल उभा करणे म्हणजे आधी माणसे परत आणणे असेच होते.

या धोरणाचे दुष्परिणामही झाले. वंशपरंपरेने दिलेला मुलूख परत घेणे कठीण असते. रामचंद्रपंत अमात्य यांनी नंतर लिहिलेल्या आज्ञापत्रात वतनदारांच्या प्रवृत्तीविषयी आणि सढळ हाताने इनामे देण्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. ज्यांनी आणीबाणीत ही पद्धत राबवली त्यांच्यापैकीच एकाने हा इशारा दिला, म्हणून तो अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो.

सचिवपद आणि जहागीर

इ.स. १६९७ च्या सुमारास राजाराम महाराजांनी शंकराजी नारायण यांना सचिवपद दिले. शिवाजी महाराजांच्या काळात हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राज्यातून निघणारी पत्रे तपासणे, त्यांतील कमीजास्त मजकूर दुरुस्त करणे, त्यांवर संमतीची खूण करणे आणि महालांच्या जमाखर्चावर लक्ष ठेवणे ही सचिवाची कामे होती. इनामाची किंवा वतनाची सनद सचिवाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुरी होत नसे. मावळात वतनांचे व्यवहार प्रत्यक्ष हाताळलेल्या माणसाकडे हे पद आले, हे स्वाभाविक होते.

सचिवपदाबरोबर मावळातील किल्ले व त्यांच्या आजूबाजूचा मुलूख जहागीर म्हणून मिळाला. भोर संस्थानाची सुरुवात याच सनदेपासून मानली जाते. शंकराजींनी स्वतः परत मिळवलेल्या किल्ल्यांभोवतीचा हा मुलूख असल्यामुळे तेथील देशमुख, पाटील आणि गडकरी त्यांच्या ओळखीचे होते. जिंजीचा वेढा चुकवून राजाराम महाराज इ.स. १६९८ मध्ये महाराष्ट्रात परतले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले.

मोगलांची दुसरी मोहीम

राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. शंकराजी सचिव त्यांच्या प्रमुख सल्लागारांपैकी होते. याच सुमारास औरंगजेबाने स्वतः सह्याद्रीतील किल्ले एकेक करून घेण्याची मोहीम सुरू केली. एप्रिल १७०३ मध्ये सिंहगड, फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड आणि मार्च १७०४ मध्ये तोरणा मोगलांकडे गेला. बादशहाने राजगडाला नबीशाहगड आणि तोरण्याला फुतूहुल्गैब अशी नावे दिली. या मोहिमेतील बरेच किल्ले किल्लेदारांना मोठ्या रकमा देऊन घेतलेले होते. तोरणा मात्र प्रत्यक्ष हल्ला करून घेतला गेला.

शंकराजींच्या जहागिरीचा गाभा अशा रीतीने त्यांच्या हातून गेला. पण हा ताबा फार काळ टिकला नाही. औरंगजेब वाकिनखेड्याच्या मोहिमेसाठी दक्षिणेकडे वळल्यावर सचिवांच्या फौजांनी सिंहगड, राजगड आणि आसपासची ठाणी परत मिळवली. किल्ल्यात मोगल शिबंदी असली तरी खालच्या गावांचा वसूल तिला सुरळीत मिळत नसे. मावळातील माणसे सचिवांच्या बाजूने असल्यामुळे गेलेला मुलूख पुन्हा हाती येऊ शकला.

शाहू-ताराबाई वाद आणि मृत्यू

औरंगजेबाचा मृत्यू मार्च १७०७ मध्ये झाला. त्यानंतर मोगलांनी शाहू महाराजांची सुटका केली आणि ते महाराष्ट्राकडे निघाले. संभाजी महाराजांचे पुत्र म्हणून गादीवर त्यांचा हक्क होता. मोगलांशी अठरा वर्षे लढून राखलेले राज्य आपल्या मुलाचे आहे, अशी ताराबाईंची भूमिका होती. त्यांनी प्रमुख सरदार आणि प्रधानांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यांत शंकराजीही होते.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेड येथे शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या सैन्यात लढाई झाली. धनाजी जाधव शाहू महाराजांना मिळाले आणि ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला. परशुराम त्रिंबक साताऱ्याकडे निघून गेले. शाहू महाराज पुण्याकडून साताऱ्याच्या वाटेवर निघाले. ही वाट सचिवांच्या मुलखाला लागून जात होती. त्या वेळी शंकराजी रोहिडा किल्ल्याच्या परिसरात होते. शाहू महाराजांनी त्यांना भेटीस बोलावले.

शंकराजींपुढे कठीण पेच उभा राहिला. शाहूंना भेटले तर ताराबाईंपुढे घेतलेली शपथ मोडणार होती. न भेटले तर छत्रपती संभाजी महाराजांच्या पुत्राविरुद्ध शस्त्र धरावे लागणार होते आणि घराण्याची जहागीर जप्त होण्याचा धोका होता. त्यांनी दोन्ही गोष्टी टाळल्या आणि आंबवडे येथे प्राणत्याग केला. त्यांनी जलसमाधी घेतल्याची परंपरा प्रसिद्ध आहे आणि ग्रँट डफ यानेही ती नोंदवली आहे. काही वृत्तांतांत विषप्रयोगाने प्राण सोडल्याचे म्हटले आहे.

वारस

शंकराजींच्या मृत्यूच्या वेळी त्यांचा मुलगा नारो शंकर अगदी लहान होता. शाहू महाराजांनी सचिवांची जहागीर जप्त केली नाही. त्यांनी सचिवपदाची वस्त्रे या बालकाच्या नावे दिली आणि मुलूख घराण्याकडे ठेवला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सचिव घराणे त्यांच्या पक्षात राहिले.

शंकराजींच्या पत्नीचे नावही येसूबाई असेच होते. मुलगा लहान असल्याने घराण्याचा कारभार त्यांना पाहावा लागला. पुढे दमाजी थोरात याने नारो शंकर आणि येसूबाई यांना कैद केले. बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांची सुटका घडवून आणली. या उपकाराची जाणीव ठेवून येसूबाईंनी पुणे प्रांतातील सचिवांचे हक्क आणि पुरंदर किल्ला बाळाजी विश्वनाथ यांच्या स्वाधीन केला. पुरंदरमुळे पेशव्यांना पुण्याजवळ पहिले भक्कम ठाणे मिळाले. पुढील काळात पुणे हे पेशवाईचे केंद्र झाले, त्यामागील महत्त्वाच्या घटनांमध्ये या हस्तांतराची गणना होते.

बाळाजी विश्वनाथ यांनी बसवलेल्या वसुलाच्या वाटणीतही सचिव घराण्याला कायमचा हिस्सा मिळाला. चौथाईच्या रकमेपैकी २५ टक्के राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, ६ टक्के साहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे आणि ३ टक्के नाडगौंडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीनुसार दिले जात. उरलेला ६६ टक्क्यांचा मोकासा सरदारांना फौजेसाठी मिळे. यामुळे सचिवांचे उत्पन्न मावळातील भातशेतीपुरते मर्यादित राहिले नाही. मराठ्यांची चौथाई जेथे पोहोचली तेथील वसुलातही त्यांचा वाटा राहिला.

जहागिरीचा पुढील इतिहास

नारो शंकर यांच्यानंतर सचिवपद घराण्यात वंशपरंपरेने चालले. पद नाममात्र झाले, जहागीर मात्र खरी राहिली. पेशवाईच्या अखेरीनंतर इ.स. १८२० मध्ये इंग्रजांनी पंतसचिवांशी करार केला आणि भोर हे साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक म्हणून चालू राहिले. सातारचे राज्य खालसा झाल्यावर भोरचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. संस्थानाचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल होते. त्याचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. शंकराजींनी जे किल्ले परत मिळवले त्यांचीच नावे अडीचशे वर्षांनंतरही महसुली तालुक्यांना होती.

मार्च १९४८ मध्ये भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सुधागडचा भाग तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याकडे गेला आणि भोर, वेल्हे हा भाग पुणे जिल्ह्यात आला. त्यानंतर वतनसंस्थाच कायद्याने संपली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, खाजगी इनामे १९५२ च्या, विलीन संस्थानांतील जहागिरी १९५३ च्या आणि पाटील वतने १९६२ च्या कायद्याने रद्द झाली.

मूल्यमापन

शंकराजी नारायण, रामचंद्रपंत अमात्य आणि परशुराम त्रिंबक या तिघांची कारकीर्द एकत्र पाहणे उपयुक्त ठरते. तिघांनी एकाच संकटात एकत्र काम केले आणि तिघांच्याही घराण्यांना मुलूख मिळाला. रामचंद्रपंत ताराबाईंच्या पक्षात राहिले आणि त्यांच्या वंशजांकडे कोल्हापूर राज्यातील बावड्याची जहागीर राहिली. परशुराम त्रिंबक यांना शाहू महाराजांनी कैद केले, पण पुढे प्रतिनिधिपद परत मिळाले. त्यांचे एक पुत्र श्रीपतराव साताऱ्याकडे, तर दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरकडे राहिल्याने औंध आणि विशाळगड ही दोन संस्थाने उभी राहिली. शंकराजींना पक्ष निवडण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी तो निवडला नाही.

त्यांच्या मृत्यूकडे शपथेशी एकनिष्ठ राहण्याचे टोकाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. याच मृत्यूमुळे शाहू महाराजांना सचिव घराण्याशी वैर धरण्याचे कारण उरले नाही आणि जहागीर मुलाकडे चालू राहिली, ही दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. छत्रपतींच्या मर्जीने मिळालेला मुलूख त्यांच्या मर्जीने जाऊही शकत होता. वतन मात्र घराण्याचे मानले जाई. सचिवांची जहागीर एका पिढीत पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेली. शिवाजी महाराजांनी टाळलेली पद्धत मराठी राज्यात रुजली, त्याचे भोर हे एक ठळक उदाहरण आहे.

किल्ले आणि गावे यांचा परस्परसंबंध ओळखणे हे शंकराजींच्या यशाचे मुख्य कारण होते. परशत्रूने किल्ला घेतला तरी मुलूख आणि माणसे आपल्याकडे असतील तर किल्ला परत येतो, हे त्यांच्या कारकिर्दीत किमान दोन वेळा सिद्ध झाले.

स्मारके

शंकराजी नारायण यांची समाधी भोर तालुक्यातील आंबवडे येथे आहे. गावात नागेश्वराचे प्राचीन मंदिर असून तेथे जाण्यासाठी ओढ्यावर संस्थानी काळातील झुलता पूल आहे. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांची समाधिस्थळेही आंबवडे येथेच आहेत. मावळातील वतनदार, स्वराज्याचा शिलेदार आणि त्याच मावळाचा जहागीरदार झालेला सचिव, अशा तिघांच्या स्मृती या एका गावात जपल्या गेल्या आहेत. भोर शहरात नीरा नदीकाठी पंतसचिवांचा राजवाडा आहे. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्ले आज गिर्यारोहक व इतिहासप्रेमींचे आकर्षण आहेत.